वेंडी कोप वाचलीये का कुणी? (हलकी कविता, जड प्रश्न)

पावसाळी छत्री
नमस्कार मंडळी. गेली कित्येक वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज कामाला आलेय.

आमच्या मराठी मंडळात (इंग्लंड, केंब्रिजच्या आसपास) दोन महिन्यांतून एकदा पुस्तकगप्पा असतात. पुढची पाळी माझी. मी भरात येऊन सांगून बसले की इथल्याच एका कवयित्रीबद्दल बोलेन, वेंडी कोप. ती काही वर्षांपूर्वी इलीला राहायला आली. केंब्रिजहून ट्रेनने पंधरा-वीस मिनिटं, म्हणजे शेजारीणच.

आता पंचाईत अशी की समोर बसणार आमचे साठी-सत्तरीतले काका-काकू. मर्ढेकर तोंडपाठ, ग्रेसवर भांडणं. आणि मी त्यांना सांगणार की या बाईची एक गाजलेली कविता पुरुष हे बससारखे असतात यावर आहे: वर्षभर एक येत नाही आणि मग दोन-तीन एकदम येतात. पहिला प्रश्न कुठला येणार ते मला आत्ताच ऐकू येतंय. "अगं पण ही कविता आहे का?"

मला ती फार मोठी वाटते. प्राथमिक शाळेत पंधराएक वर्षं शिकवलं, पहिलं पुस्तक आलं 1986 साली, चाळिशी गाठल्यावर. यमक, वृत्त, जुने घट्ट आकृतिबंध, सगळं पाळून बोलते मात्र भाजी निवडता निवडता बोलल्यासारखी. पण समीक्षक तिच्याबद्दल बोलताना 'मजेशीर' म्हणतात आणि पान उलटतात.

तर कुणी वाचलीये का? आणि अर्ध्या तासात नेमकं काय सांगू?

उंटावरचा शहाणा
पुरुष बससारखे असतात. बरोबर आहे. आमच्याही पाट्या लागतात, पण तिथे जातोच असं नाही.

तिरफळ
हसून हसून पुरेवाट. आणि हात केला तरी थांबत नाही ते राहिलं.

बिनसाखरेचा
दुर्लक्षित कुठे हो? 1998 साली बीबीसी रेडिओ 4 च्या श्रोत्यांनी टेड ह्यूजनंतर राजकवी कोण व्हावं यासाठी हिलाच पसंती दिली होती. फेबरसारखा प्रकाशक. 2010 साली ओबीई हा सरकारी किताब. पुस्तकं खपतात, लोक ओळी गोंदवून घेतात. आपल्याकडच्या चांगल्या कवीची तीनशेची आवृत्ती दहा वर्षं माळ्यावर पडून असते, त्याला दुर्लक्षित म्हणा.

बसची कविता मी वाचली आहे. ते स्टँडअप आहे. एकदा हसू येतं, दुसऱ्यांदा वाचण्यासारखं काही उरत नाही. काकांचा प्रश्न रास्त आहे.

पावसाळी छत्री
@बिनसाखरेचा, खप आणि मान यांत फरक नाही का? राजकवीपद तिला मिळालं नाहीच, अँड्रू मोशनला मिळालं. तिला ते नकोच होतं ही गोष्ट वेगळी. 'स्पेक्टेटर' साप्ताहिकात एका परीक्षकाने लिहिलं होतं की ती विनोदी आहे, आव आणत नाही, आणि हेच तिचं बळ आणि हीच तिची मर्यादा. बाईने काय करावं? त्याच वाक्यावर कविता लिहिली. आता मी माझ्या मर्यादा ओलांडायच्या म्हणते, विनोद सोडून देते, जरा आव आणायला शिकते, अशा थाटाची. आणि 1992 च्या संग्रहाला त्या कवितेचंच नाव दिलं, 'सीरियस कन्सर्न्स'. म्हणजे 'गंभीर चिंता'. मुखपृष्ठावरच टोला.

अर्धविराम
अरे वा, वेंडी कोपवर मराठीत धागा! खुर्ची ओढून बसतो.

छत्रीताई, काकांना बसपासून सुरुवात करून देऊ नका. विडंबनापासून करा, ते त्यांच्या घरचं आहे. तिच्या पहिल्या पुस्तकात जेसन स्ट्रगनेल नावाचा एक कवी आहे. दक्षिण लंडनमधल्या टल्स हिलचा, महत्त्वाकांक्षा दांडगी, प्रतिभा बेताची. हा गृहस्थ अस्तित्वातच नाही, तिनेच रचलेला. मग तो शेक्सपियरसारखी सुनीतं लिहितो, हायकू लिहितो, उमर खय्यामच्या चालीवर रुबाया पाडतो. प्रत्येक कविता वाईट कवीची, पण वाईट कवीची इतकी चांगली कविता लिहायला हात किती तयार हवा!

आता काकांना विचारा, केशवकुमार आठवतात का? 'झेंडूची फुले'मध्ये अत्र्यांनी रविकिरण मंडळाची जी खोड काढली ती हीच. गंमत बघा, माधव जूलियनांनी मराठीत खय्याम आणला, सुनीतं लिहिली, गझल लिहिली, आणि अत्र्यांनी या मंडळींच्या सगळ्या लकबी उचलल्या. ज्याला वृत्त येत नाही त्याला वृत्ताची टिंगल करता येत नाही. एलियटची 'वेस्ट लँड' ही दीर्घ, दुर्बोध, तळटीपांसकट छापलेली कविता तिने पाच लिमरिकांत (पाच ओळींच्या चावट-विनोदी पद्यांत) बसवली आहे. पाच! आणि तळटीपा असल्याचा टोमणाही त्यातच मारलाय.

तिरफळ
+१. शिवाय वाचनखूण साठवली.

जुना पाना
मी तिची एकच वाचली आहे, संत्र्याची. मुलीने फॉरवर्ड केली होती. खाली पूर्ण देतो, सगळ्यांना वाचता येईल.

[मजकूर काढला आहे. : व्यवस्थापक]

व्यवस्थापक
@जुना पाना, हयात कवीची पूर्ण कविता परवानगीशिवाय इथे देता येत नाही. आशय सांगा, हरकत नाही.

जुना पाना
अहो, बारा ओळींची कविता. त्यात तिचं काय जातंय? उलट चार लोक वाचतील.

अर्धविराम
पानाशेठ, नेमकी याच बाईसमोर हे बोलू नका. 2007 साली तिने 'गार्डियन'मध्ये लेखच लिहिला होता, माझ्या कविता आवडतात ना, मग पैसे द्या, अशा सुराचा. लोक कौतुकाने सांगतात की तुमची कविता मी शंभर जणांना पाठवली, आणि तिला शंभर न खपलेली पुस्तकं दिसतात. छोट्या कवितेची हीच गोची. कादंबरी कुणी फॉरवर्ड करत नाही.

कोकणकडा
इंग्लंडात निदान कवीच्या नावासकट फिरते. आपल्याकडे सकाळी येणारी प्रत्येक कविता एकतर कुसुमाग्रजांची नाहीतर पुलंची. मी माझ्या मावसभावाची चारोळी 'पु. ल. देशपांडे' या नावाने परत येताना पाहिली आहे. भाऊ खूश! म्हणाला, राहू दे, तेवढीच बढती.

जुना पाना
बरं बाबा, आशय सांगतो. ती दुपारच्या सुट्टीत एक प्रचंड मोठं संत्रं आणते. ते बघूनच सगळे हसतात. मग ती सोलून दोघा सहकाऱ्यांना पाव पाव देते, अर्धं स्वतः खाते. मग सांगते की हल्ली अशा साध्या गोष्टींनीच बरं वाटतं. खरेदी. बागेत फेरी. दिवसाची कामं उरकली आणि वर वेळही उरला. बस. शेवटच्या ओळीत दोन एवढीशी वाक्यं, एक प्रिय माणसाला उद्देशून, एक स्वतःबद्दल.

मी रिटायर माणूस. कविता फारशी कळत नाही. पण ते 'कामं उरकली आणि वेळ उरला' वाचून मला हिचं म्हणणं कळलं.

वऱ्हाडी ठेचा
पानाकाका मस्त. पण एक दुरुस्ती. संत्रं नाही हो, संत्रा. तो संत्रा. आमच्याकडे त्याला नपुंसकलिंगी केलं तर बागवाला रागावते.

आणि तिघांना पुरून उरंल असा संत्रा मृग बहाराचा असंल का आंबियाचा, हे कवितेत सांगितलं का नाही बाईनं?

उंटावरचा शहाणा
@ठेचा, सुपरमार्केट बहार.

मोसंबी
(आयडीमुळे बोलणं भाग आहे.)

मी या कवितेचा मराठी अनुवाद करायला बसले होते, स्वतःपुरता. संत्र्यापर्यंत सुखरूप पोचले आणि शेवटच्या दोन वाक्यांवर तीन आठवडे अडले. त्यातलं पहिलं, जे इंग्रज माणूस फोन ठेवताना सहज म्हणून टाकतो ते, मराठीत म्हणायचं कसं? 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' म्हटलं की मागे लगेच पेटी वाजते, तिसऱ्या अंकाचा पडदा पडतो. 'मला तू आवडतोस' हे कॉलेजच्या कट्ट्यावरचं. आणि तिच्या कवितेत ते वाक्य टिफिनचं झाकण लावल्यासारखं येतं, सहज.

दुसरं वाक्य मात्र मराठीत मूळापेक्षा चांगलं बसलं असं मला वाटतं: 'मी आहे, ते बरं आहे.'

कोकणकडा
पहिल्यासाठी 'जेवलास का?' चालेल. आमच्या आईने बाबांना चाळीस वर्षांत दुसरं काही म्हटलेलं नाही.

मोसंबी
कोकणकडा, तो विनोद आता आजीच्या बटव्यासारखा झालाय, जिथेतिथे निघतो. आणि इथे तर तिघांनी नुकतंच संत्रं खाल्लंय.

कोकणकडा
😀 मान्य. 'तू आहेस, ते बरं आहे. मी आहे, तेही.' हे कसं?

मोसंबी
...हे वहीत लिहून घेतलं. नावासकट, घाबरू नका.

बिनसाखरेचा
संत्र्याची वाचली आत्ता (पुस्तकातून, व्यवस्थापक). बरी आहे. बसपेक्षा फारच बरी. पण मूळ मुद्दा तसाच. सगळं कसं गोड, आटोपशीर. दुःख कुठाय? मोठा कवी तो, ज्याच्यात अंधार आहे.

अर्धविराम
अंधार आहे, पण दिवा लावून ठेवलाय म्हणून दिसत नाही.

एक कविता आहे, चारच ओळींची, नाव 'लॉस'. तो घर सोडून गेला ती संध्याकाळ भयंकर होती, असं सुरू होतं. वाटतं, आता रडणार. तर म्हणते, तो नसण्याचं काही नाही, पण बाटलीचं बूच काढायचा स्क्रूही सोबत गेला. हसून झालं की डोक्यात येतं, त्या संध्याकाळी बाई एकटी बसून बाटली का उघडत होती? हे ती सांगत नाही.

दुसरी, फुलांची. तो नेहमी सांगायचा की येताना तुझ्यासाठी फुलं आणणारच होतो, पण काहीतरी राहिलं. दुकान बंद होतं किंवा तुला आवडतील की नाही अशी शंका आली. आणि कवितेच्या शेवटी ती म्हणते की तू जवळजवळ आणलेली ती फुलं अजून टिकली आहेत. यातला माणूस आता सोबत नाही, हे एका क्रियापदाच्या काळावरून कळतं. यमकं मात्र सगळी जागच्या जागी.

तिरफळ
अवांतर: मराठी घरात तो जाताना काय घेऊन गेला असता? स्क्रू तर नसतोच. माझा अंदाज, गॅसचा लायटर.

वऱ्हाडी ठेचा
मिक्सरच्या मधल्या भांड्याचं झाकण. ते तसंही कुणीतरी नेलेलंच असते.

पावसाळी छत्री
केवढं साहित्य मिळालं! अर्धविराम, मी विडंबनापासूनच सुरू करते.

एक मला भावलेली सांगते. आपल्याकडे 'कमल नमन कर' तसं इथे पीटर आणि जेन. हा पीटर, ही जेन, त्यांना मजा आवडते, अशी पहिलीच्या पुस्तकातली वाक्यं. तिने असल्याच बाळबोध वाक्यांतून एक आख्खं प्रकरण सांगितलंय: मुलं खेळताहेत, आईला दूधवाला आवडतो, आणि बाबा घरी येतात ते चिडून, बंदूक तर नाही ना त्यांच्याकडे? वर्गात पंधरा वर्षं ती वाक्यं वदवून घेतल्याशिवाय असलं सुचणार नाही. आणि हे सगळं व्हिलानेलमध्ये. एकोणीस ओळी, त्यातल्या दोन ओळी पालुपदासारख्या आलटून पालटून परत येतात. पहिलीचं पुस्तकही तेच तेच परत म्हणत असतं, म्हणून तो आकृतिबंध असा फिट्ट बसलाय.

उंटावरचा शहाणा
कमल घर बघ.
घरात दूधवाला बघ.
बाबा लवकर आले बघ.
कमल, पटकन दुसरीत जा.

तिरफळ
😂😂 शहाण्या, उतर उंटावरून, नमस्कार करायचाय.

अर्धविराम
हे झकास! आता घरचा अभ्यास. तिने ट्रायोलेट नावाचा फ्रेंच प्रकार फार लीलया वापरलाय. व्हॅलेंटाइनवर एक आहे: माझ्या हृदयाने ठरवून टाकलंय, आणि नाइलाज आहे, ते तूच आहेस, यंदा जमत नसेल तर पुढच्या वर्षी चालेल. आठ ओळी. पहिली ओळ तीनदा येते (1, 4, 7), दुसरी दोनदा (2, 8). तिसरी आणि पाचवी पहिलीशी जुळते, सहावी दुसरीशी. म्हणजे लिहायच्या पाचच ओळी. सोपं वाटतं ना? करून बघा. बिनसाखरेचांना खास आमंत्रण.

मोसंबी
मी करते.

पाच मिनिटांत पोचतो म्हणाला,
कढी तिसऱ्यांदा तापते आहे.
त्या 'पाच'ला आता तास झाला,
पाच मिनिटांत पोचतो म्हणाला.
शेजारी जेवून फिरून आला,
भिंत मी नजरेने मापते आहे.
पाच मिनिटांत पोचतो म्हणाला,
कढी तिसऱ्यांदा तापते आहे.

कोकणकडा
टाळ्या! पण कढी तीनदा तापवली तर फुटते.

मोसंबी
माहीत आहे. फुटू दे म्हणूनच तापवतेय.

वऱ्हाडी ठेचा
बेसन नीट लावलं तर नाही फुटत. आमच्याकडं तर गोळ्याची कढी...

उंटावरचा शहाणा
धागा पाककृती विभागात हलवावा ही विनंती.

बिनसाखरेचा
मी काल रात्री दीड तास बसलो होतो. रोज ऑफिसात बसून वैताग येतो यावर करत होतो. पहिल्या दोन ओळी पाच मिनिटांत. मग सहाव्या ओळीशी मारामारी. ती अशी हवी की पहिल्या दोन ओळी परत आल्या की शिळ्या वाटू नयेत. माझ्या शिळ्याच वाटल्या. मोसंबींची कढी 'फुटू दे' कळल्यावर शेवटी वेगळी लागते, पण ते त्यांना प्रतिसादात सांगावं लागलं, कवितेत आलं नाही.

बसवरची कविता काल परत वाचली. चार-चार ओळींची तीनच कडवी. शेवटी बाई थांब्यावर उभी राहते आणि समोरून मिनिटं, तास, दिवस निघून जातात. पहिल्यांदा वाचताना मी तिथवर पोचेपर्यंत हसून मोकळा झालो होतो. स्टँडअप हा शब्द मागे घेतो. 'मोठी कवयित्री' अजून म्हणत नाही.

अर्धविराम
एवढं पुष्कळ झालं.

जुना पाना
इंजिनिअर मंडळींसाठी एक. काल मुलीकडून पुस्तकच मागवलं, विकत. 'टाइम्स'मध्ये तिथल्या इंजिनिअरिंग कौन्सिलची जाहिरात आली होती की वेस्टमिन्स्टर ॲबीत कवींचा कोपरा आहे, मग इंजिनिअरांचा का नाही? त्यावर तिने मानभावीपणे लिहिलंय: खरंच हो, आपल्या देशात कवी गाड्या उडवतात आणि बिचारे इंजिनिअर उपाशी मरतात, म्हणून तर लहान पोरं सायकल, ट्रेन सोडून कविता लिहायची स्वप्नं बघतात.

बत्तीस वर्षं नोकरी केली मी या धंद्यात. मंडळातल्या काकांत निम्मे इंजिनिअर असणार. ही वाचाच.

तिरफळ
निम्मे? इंग्लंडातल्या मराठी मंडळात? उरलेले डॉक्टर. कवींचा कोपरा म्हणजे चहाच्या थर्मासजवळची खुर्ची.

कोकणकडा
हे माहीत होतं का? 2011 साली ब्रिटिश लायब्ररीने तिचं दफ्तर 32 हजार पौंडांना विकत घेतलं. वह्या, खर्डे आणि सोबत 40 हजार ईमेल. माझ्या इनबॉक्समध्येही तेवढेच आहेत, सगळे कर्ज मंजूर झाल्याचे.

पावसाळी छत्री
मंडळी, धागा वर काढतेय. कार्यक्रम झाला!

इंजिनिअरवाल्या कवितेला सगळ्यात जोरात हशा, पानाकाका धन्यवाद. केशवकुमारांचं नाव काढल्यावर एक काका सुरूच झाले, त्यांना आवरायला दहा मिनिटं गेली. संत्र्याच्या वेळी मी खरंच एक मोठं संत्रं नेलं होतं आणि फोडी वाटल्या. कविता संपली तेव्हा सगळ्यांच्या तोंडात फोडी, त्यामुळे "ही कविता आहे का" कुणालाच विचारता आलं नाही. कोकणकडा, तुमची ओळ वापरली, नाव सांगून.

एक काकू, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, मुलाकडे राहतात, मागच्या रांगेत गप्प बसल्या होत्या. जाताना फक्त एवढंच विचारलं, "ते आठ ओळींचं परत एकदा सांग, कुठली ओळ कधी येते." मी त्यांच्या डायरीत आकडे लिहून दिले. चार दिवसांनी व्हॉट्सॲपवर हे आलं:

चष्मा कुठे मी ठेवला असेल?
हे असते तर ओरडले असते.
फ्रिजात नाहीतर देवांत दिसेल.
चष्मा कुठे मी ठेवला असेल?
डोक्यावर आहे! कुणी हसेल,
मीही मग थोडी चिडले असते.
चष्मा कुठे मी ठेवला असेल?
हे असते तर ओरडले असते.

मोसंबी
माझी कढी मी ओतून टाकली.

बिनसाखरेचा
सहावी ओळ.

जुना पाना
ही मुलीला पाठवू का? काकूंना विचारून सांगाल?

पावसाळी छत्री
विचारलं. म्हणाल्या, "खुशाल पाठवा म्हणावं. माझं नाव नको. पण पुलंची म्हणून परत आली तर मी बघून घेईन."